करंगळीची साक्ष

दुसरबीड,
१२ ऑक्टोबर

अर्पू,

आशीर्वाद कागदावर लिहीत नाही. ते तू तुझ्या पसंतीचं लग्न करायला घरातून निघालीस त्याच दिवशी तुझ्यामागे पाठवले होते. तुझे बाबा उंबऱ्यात उभे होते म्हणून तोंडाने म्हटले नाहीत, एवढंच.

माझा फोन तू उचलत नाहीस आणि पूनमशी मात्र तास तास बोलतेस. बोल बाई. नणंद-भावजयीचं पटतं हे काय कमी आहे. पत्ता तिच्याकडूनच घेतला. तुझा निरोपही तिने जसाच्या तसा सांगितला, तुझ्या आवाजासकट: “आई सोताच्या हातानं लेकराले न्हाऊ घालीन म्हनत असंल तं येते, नाई तं माह्यं पुन्यात काई अडलं नाई.”

मनाला लागलं. पण खरं सांगू, गोडही लागलं. दोन वर्षं झाली, तुला माझं तोंड नको आहे, पण हात हवे आहेत. चालेल. माझ्या तोंडापेक्षा माझे हात चांगले आहेत, हे तर सगळी आळी सांगेल.

बाळंतपण तिकडे कर, तिकडे दवाखाने मोठे. संक्रांतीला लेकरू घेऊन ये. काल तुझ्या बाबांच्या ताटात भाकरी टाकता टाकता म्हटलं, अर्पूला सातवा लागलाय. त्यांनी वर पाहिलं नाही. हात धुताना म्हणाले, “येऊ दे तिले. थंडीचं लेकरू घेऊन एसटीनं नोको म्हना.” एवढं बोलले म्हणजे पुष्कळ बोलले.

आपल्या आळीत माझ्या पायांवर न न्हालेलं पोर दाखव मला. पाण्याची पारख माझ्या सासूने शिकवली. घंगाळात अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बुडवायची. पाणी बोटांना परकं वाटलं तर थांबायचं, आपलं वाटलं की ते लेकराचं पाणी. त्यासाठी तुमच्या पुण्यातली यंत्रं नकोत.

सध्या शेडनेटमध्ये टोमॅटोचं क्रॉसिंग चालू आहे. तुला आठवत असेल, न उमललेल्या कळीतला नर चिमट्याने काढायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा, म्हणजे कंपनीला हवं ते बी मिळतं. दिवसभर बोटं चिमट्यावर आवळलेली. म्हणून पहाटे माझा उजवा हात झोपलेला असतो. मी उठते, तो उठत नाही. झटकला की उठतो. तुझा गोकुळदादा शाळेच्या वेळी असाच उठायचा. वाताचं आहे, दुसरं काही नाही. बाजारातून तांब्याचं कडं आणून घातलंय. घट्ट बसलं तरच गुण येतो असं विकणारा म्हणाला, तर चांगलं घट्ट बघून घेतलं.

जपून राहा. जड उचलू नको. जावईबापूंना माझा नमस्कार सांग, सांगावासा वाटला तर.

तुझी आई


दुसरबीड,
५ नोव्हेंबर

अर्पू,

पत्र मिळालं असं पूनमला सांगितलंस, मला कळलं. उत्तर नाही दिलंस, तेही कळलं.

दिवाळी झाली. चकल्या यंदा पूनमने केल्या. सोऱ्याचा दांडा माझ्याने फिरेना. फिरेना म्हणजे फिरला असता, पण तिला शिकायची हौस होती. पाडव्याला तुझ्या बाबांना चहा देताना कप हातातून गेला. कपाला तेल लागलेलं होतं. पूनम म्हणते नव्हतं. तिला काय ठाऊक.

नेटमध्ये कंपनीचा माणूस आला होता. माझ्या ओळीतल्या कळ्यांत नर राहून गेलेत म्हणाला. एवढ्या वर्षांत असं मला कोणी म्हटलं नव्हतं. तुझ्या बाबांनी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून सांभाळून घेतलं. मीही चष्म्यावरच ढकललं. खरं तर मला दिसतं सगळं. चिमट्याच्या टोकात काही धरलंय की नुसता चिमटा मिटलाय, ते कळत नाही कधी कधी.

हे तुला का लिहिलं कोण जाणे. खोडणार होते, पण कागद घाण दिसतो.

परवा एक गंमत झाली. चुलीपुढे बसले होते, भाकऱ्या चालू होत्या. तव्यावरची भाकरी मी बोटांनीच उलटते, तुला माहीत आहे. पूनम एकदम ओरडली, “आत्याबाई, बोटाले पाहा ना! काऊन धरून राह्यल्या तवा?” पाहिलं तर अंगठा आणि पहिलं बोट तव्याच्या काठावर टेकलेलं. मग फोड आला, चांगला टपोरा. पण दुखला नाही गं. कामाच्या बायकांची कातडी अशीच जाड होते. पूनम मात्र दोन दिवस माझ्याकडे बघतच राहिली. तिला म्हटलं, अशी काय बघतेस, मी काय भूत आहे? तर म्हणाली, “ताईले सांगा तुमी, नाई तं म्या सांगतो.”

मी तिला शपथ घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्यात म्हणतात. आणि झाकायला आहे तरी काय? हात मुंग्यावतो. जगात कोणाचा मुंग्यावत नाही?

तू फक्त संक्रांत लक्षात ठेव.

आई


दुसरबीड,
२८ नोव्हेंबर

अर्पू,

शेजारची तानाबाई आठवते ना, तिची काजल बाळंतपणाला आली. मुलगा झाला. पाचवीच्या दुसऱ्या दिवसापासून न्हाऊ घालायला अर्थातच मी. काजललाही मीच न्हाऊ घातलं होतं, म्हणून तानाबाईने मला पाटावर बसवून आधी खडीसाखर दिली.

थंडी चांगली पडलीय. न्हाणीत धूर आणि वाफ दोन्ही. थंडीत कोमट पाण्यालाही वाफ येते, त्यावर जायचं नसतं. मी नेहमीसारखी बोटं बुडवली, पाणी आपलं वाटलं. पाय पसरले, लेकरू पालथं घेतलं आणि पहिला गडू ओतला.

पोर रडलं. पोरं रडतातच, त्यात काय. पण अर्पू, मी एवढी पोरं रडताना ऐकलीत, आणि हे रडणं मी आधी ऐकलेलं नव्हतं. आधी आवाजच आला नाही. मग आला.

माझ्याही पायांना चटका बसला. न्हाणीत बसणारीच्या पायांना चटका बसतोच. दुसरा गडू मी ओतला नाही, त्याच्या अंगात कापरं भरलं होतं म्हणून. पाठ लाल दिसत होती. नाजूक कातडी, बापाच्या वळणावर गोरी. तानाबाई दारात उभी होती. हळूच म्हणाली, “कौशल्याबाई, पानी जराक कढत तं नव्हतं?” मी म्हटलं, “मले पारख शिकवतेस काय?” तिने पुढे होऊन लेकरू दुपट्यात उचलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर दारातच म्हणाली, “लेकराले पडसं झालं, आज राहू द्या.” तिसऱ्या दिवशीही पडसंच. चौथ्या दिवशी कुंपणावरून पाहिलं, तर दोरीवर लेकराची ओली दुपटी आणि न्हाणीतून धूर. म्हणजे आंघोळ तर चालू आहे. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय. मी त्यांच्या दारात पुन्हा गेले नाही.

सगळी पोरं सारखी नसतात. तुझं लेकरू आपल्या रक्ताचं आहे, कणखर असेल.

पूनम हल्ली माझ्याशी फार गोड बोलते. मला तिच्या गोड बोलण्याची भीती वाटते.

आई


दुसरबीड,
१९ डिसेंबर

माझ्या अर्पू,

मुलगी झाली! पूनमच्या मोबाइलवर फोटो पाहिला. नाक तुझं आहे, चिडकंही दिसतं. तुझ्या बाबांनी फोटो हातात घेतला आणि मोबाइल द्यायलाच विसरले. नंतर शेडनेटमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. आपली मुलगी अमुकाच्या घरी दिली असं म्हणायचं त्यांनी दोन वर्षं टाळलं होतं, ते काल पहिल्यांदा म्हणाले.

सगळी तयारी झालीय. घंगाळ चिंचेने घासलं, म्हणजे पूनमने घासलं. वावडिंग, ओवा, धुरीची शेगडी काढून ठेवली. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली होती, पण सुई सापडेना. सापडेना म्हणजे बोटांत धरलेली सुई बोटांतच सापडेना. तीही पूनमनेच शिवली.

गेल्या आठवड्यात जालन्याला बाजाराला गेलो होतो.

बाजाराला नाही. तू पूनमकडून काढून घेशीलच, म्हणून मीच लिहिते. गोकुळ आणि पूनम मला हाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तरुण पोरगा आहे, बोलका. त्याने आधी ते कडं काढायला लावलं. साबण लावून निघालं, खाली गोल वण पडलेला. मग दोन्ही हात उलटे जोडायला लावले, तळहात बाहेर आणि बोटं खाली, आणि तसंच धरून ठेवायला सांगितलं. थोड्याच वेळात बोटांत मुंग्यांचं वारूळ फुटलं. तो मान हलवत होता. मला राग आला. दुखणं माझं आणि मान याची.

तो म्हणाला, मनगटात एक अरुंद वाट असते. तिच्यातून बोटं हलवणाऱ्या दोऱ्या जातात आणि त्यांच्यासोबत एक नस जाते. वरून जाड पट्टा आवळलेला. काम करून करून दोऱ्या सुजल्या की नस बिचारी दबते, कारण तिला सरकायला जागाच नसते. साखर वाढली असेल, थायरॉइड असेल तर जास्तच, म्हणून रक्त तपासलं. साखर निघाली. मग सुईसारखा करंट लावून नस तपासली. माझ्या अंगठ्याखालचा उंचवटा दाबून पाहिला, तो बसून गेलाय. मला वाटलं होतं वयाने गेला असेल.

“करंगळीला मुंग्या येतात का, आजी?” असं विचारलं. नाही म्हटलं. करंगळीने कोण काम करतं? त्यावर तो बरंच बोलला, ते एवढं महत्त्वाचं नाही.

रात्री मनगट सरळ राहावं म्हणून पट्टी बांधायला दिलीय. फळीला बांधलेल्या वेलासारखा हात घेऊन झोपते. वर्षाआधी आला असतात तर पट्टीने, फार तर मनगटातल्या इंजेक्शनने भागलं असतं म्हणाला. आता छोटं ऑपरेशन करून तो पट्टा कापायचा, नसेला वाट मोकळी करायची. चार टाके. लगेच करा म्हणाला.

मी संक्रांतीनंतर करा म्हटलं. लेकरू येणार आणि माझा हात बांधलेला? ती मला कशी ओळखणार? तू तरी कशाला येशील? तुझी अट माझ्या लक्षात आहे.

पूनम गाडीत रडली. तुझी भावजय म्हणजे डोळ्यांना धारा लागायला कारणच नको. तिला बोलू नको हं काही.

तुझी आई


दुसरबीड,
३ जानेवारी

अर्पू,

हे पत्र लवकर पोचावं म्हणून गोकुळला सिंदखेडराजाच्या पोस्टात टाकायला देणार आहे. पूनम म्हणते, “म्या फोन करून सांगतो.” मी नको म्हटलं. हे मीच सांगायचं आहे, आणि फोनवर मला खोटं बोलता येतं.

काल म्हटलं तालीम करून बघू. पूनमकडून पाणी तापवून घेतलं, घंगाळात ओतून घेतलं. पाट मांडला. लेकराच्या जागी गुंडाळलेलं दुपटं पायांवर घेतलं. हसू नको. पूनमही हसली नाही, भिंतीला टेकून उभी होती.

अंगठा आणि दोन बोटं बुडवली. पाणी आपलं वाटलं. अगदी लेकराचं पाणी. मी पूनमकडे पाहून म्हटलं, “पाह्य, उगाच घाबरते तू.” पाण्यावर राखेचा एक कण तरंगत होता. तो काढायला हात आडवा केला आणि करंगळी बुडाली.

किंचाळले मी. तुझे बाबा ओट्यावरून धावत आले. पूनमने नुकतंच चुलीवरून उतरवलेलं ते पाणी होतं, त्यात विसण घालायचंच राहिलं होतं. तिने मुद्दाम घातलं नव्हतं की विसरली, ते मी तिला विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

जालन्याच्या पोराने करंगळीबद्दल काय सांगितलं ते मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. त्याने सांगितलं होतं की दबलेली नस अंगठा, पहिलं, मधलं आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाची आहे. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते, म्हणून ती शाबूत आहे. आणि म्हणाला होता, “आजी, गरम काही या बोटांनी पारखू नका. ही बोटं आता तुम्हाला खरं सांगणार नाहीत.” मी ऐकलं होतं. समजलंही होतं. सासूने नेमकी तीच तीन बोटं शिकवली होती, हे तेव्हाच डोक्यात आलं होतं. मी ते तिथेच दाबून ठेवलं आणि गाडीत बसून पूनमला रागावले.

पाण्यातून हात काढला आणि तशीच तानाबाईकडे गेले. चपलाही घातल्या नाहीत. काजल लेकराला पाजत होती. मी म्हटलं, मला त्याची पाठ दाखवा. मग काजलने झबलं वर केलं.

कमरेच्या वर गुलाबी वण आहे, माझ्या तळहाताएवढा. कडेने कातडी चमकते. मोठा होईल तसा फिकट होईल म्हणतात. फिकट होईल, जाणार नाही. आणि अर्पू, माझ्या साडीचा पदर त्या पोराच्या मुठीत आला होता आणि ते तो सोडत नव्हतं.

तानाबाई म्हणाली, “तुमी मुद्दाम काऊन करसान? पन तुमाले सांगावं कसं, ते समजेना. दवाखान्यात म्या सांगतलं, पानी माह्याच हातून सांडलं.” नर्सने तिला सगळ्यांसमोर झापलं म्हणे. तिने ऐकून घेतलं. मी तिला एवढे दिवस मनातल्या मनात शिव्या देत होते आणि ती माझं नाव झाकत होती. मी तिच्या ओसरीवर बसून रडले. एवढं मी तू गेलीस तेव्हाही रडले नव्हते. तेव्हा रडायला हवं होतं बहुतेक, तुझ्यासमोर.

आता तुझी अट. माझ्या हातांनी न्हाऊ घालणार असेन तर येशील म्हणालीस. माझे हात नाहीत आता. जे आहेत ते नुसते हातासारखे दिसतात. तुझी मुलगी यांच्यावर ठेवू नको. यासाठी येणार असशील तर येऊ नको. मी रागावणार नाही. तुझे बाबा खचतील, त्यांना मी सांभाळेन. तुझी शप्पथ, पूनमला दोष देणार नाही.

आणि एवढं वाचूनही आलीस, तर चूल पूनम पेटवेल, पाणी तू काढ. लेकरू माझ्या पायांवर ठेवायचं असेल तर ठेव, पाय अजून माझेच आहेत. गडू मात्र तुझ्या हातात राहू दे. पाण्याजवळ माझा हात दिसला तर पूनमने तो झटकायचा, असं तिला तुझ्या बाबांदेखत सांगून ठेवलंय. ती मान खाली घालून “हाव” म्हणाली. तुझे बाबाही “हाव” म्हणाले.

ऑपरेशन वीस तारखेला ठरवलंय. मुंग्या थांबतील, दुखणं थांबेल, पण एवढे दिवस दबलेली नस परत पूर्ण जागी होईल याचा भरवसा डॉक्टर देत नाही. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं. माझं मुंगीच्या पावलानेच आलं आणि मी त्याला मुंगीच समजत राहिले.

एक शेवटचं, आणि हे नीट वाच. मी मला ओळखते. तू दारात उभी राहशील, पदराखाली ती असेल, आणि मला राहवणार नाही. मी म्हणेन, हात बरा झाला. हसून म्हणेन, आण इकडे. गेल्या आठवड्यात तर सुईत दोरा ओवला, असंही म्हणेन. मी फार चांगलं खोटं बोलते, तुला हे या पत्रांतून कळलंच असेल.

विश्वास ठेवू नको. माझ्या तोंडाला विचारू नको, अंगठ्याला विचारू नको. माझी करंगळी धर आणि ती पाण्यात घाल. ती ओरडली तर ओरडू दे.

तुझी आई